वीस डॉलरच्या आतलं तिकीट

साउंडगार्डन बँडच्या क्रिस कॉर्नेलच्या तोडीचा गळा नव्वदच्या दशकातल्या रॉकमध्ये दुसरा नाही. अ‍ॅलिस इन चेन्स या बँडमध्ये लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे आवाज एकमेकांत असे मिसळतात की कोणता कुणाचा, हे सांगता येऊ नये. ब्रिटनकडच्या बँडचं म्हणाल तर ब्लर जास्त हुशार, पण भरलेल्या मैदानाला एका सुरात गायला लावावं ते ओअ‍ॅसिसने. आणि १९९६ मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीत सिअ‍ॅटलच्या सुपरसॉनिक्सने मायकेल जॉर्डनच्या बुल्सना सहाव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. तो संघ जिंकायला हवा होता, ही हळहळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

ही माझी मतं. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, यातलं एकही मान्य नाही. कॉर्नेल की निर्वाणाचा कर्ट कोबेन हा आमचा वाद आम्ही शाळेत होतो तेव्हा सुरू झाला. आता दोघांच्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय, तरी वाद मिटलेला नाही. आई या बोलण्याला रिकामपणाचे उद्योग म्हणायची. बरेच लोक तसंच म्हणतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते मला इथे नीट मांडायचंय. कारण या बोलण्याची एक किंमत असते, ती तिकिटांच्या पैशातून कुणाच्या तरी खिशात जाते, आणि बोलणाऱ्याला मात्र त्यात काडीचंही स्थान नसतं.

एक गाणं बाजारात येतं. कंपनी दोन-चार महिने त्याचा गाजावाजा करते आणि पुढच्या मालाकडे वळते. त्यानंतर तीस वर्षं ते गाणं तगवून कोण धरतं? १४ ऑगस्ट १९९५ ला ब्लर आणि ओअ‍ॅसिस यांची नवी गाणी ब्रिटनमध्ये एकाच दिवशी विक्रीला आली. पहिल्या आठवड्यात ब्लरच्या सुमारे २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओअ‍ॅसिसच्या २ लाख १६ हजार. हिशोब तिथेच संपला. वाद मात्र संपला नाही, कारण तो लोकांनी उचलला. घरात, कँटीनमध्ये, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक तो भांडत राहिले. त्यांच्या मुलांनी ऐकला आणि तीही गाणी शोधू लागली. ही सगळी राबणूक फुकटची आहे आणि प्रेमाने केलेली आहे. ओअ‍ॅसिसचे गॅलागर बंधू २००९ मध्ये वेगळे झाले, २०२४ मध्ये पुन्हा एकत्र येत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मधली पंधरा वर्षं बँड नव्हताच. जे होतं ते एवढंच, लोकांचं बोलणं. त्या बोलण्याच्या जोरावरच लाखो तिकिटं विकली गेली.

हे समजलेला एक बँड होता, म्हणून मी त्याच्या बाजूची. पर्ल जॅम. ते स्वतः आधी चाहते होते. १९९० मध्ये बँड उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याला मूकी ब्लेलॉक हे नाव दिलं होतं. तो न्यू जर्सी नेट्सचा बास्केटबॉलपटू. नाव बदलावं लागलं तेव्हा पहिल्या अल्बमला त्यांनी त्याच्या जर्सीचा आकडा दिला, दहा. एखाद्या खेळाडूवर असा जीव टाकलेल्या माणसांना रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

३० जून १९९४ रोजी गिटारवादक स्टोन गोसार्ड आणि बासवादक जेफ अ‍ॅमेंट वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीसमोर साक्षीला बसले. त्या वेळी अमेरिकेत त्यांच्याहून मोठा बँड शोधावा लागला असता. आदल्या ऑक्टोबरात आलेला त्यांचा दुसरा अल्बम पहिल्या पाच दिवसांत साडेनऊ लाखांच्या घरात खपला होता. त्यांची मागणी साधी होती. तिकीट सगळं धरून वीस डॉलरच्या आत बसलं पाहिजे, आणि त्यावरचा सर्व्हिस चार्ज १.८० डॉलरच्या पुढे जाता कामा नये. तिकिटं विकणारी टिकेटमास्टर कंपनी त्याला तयार नव्हती. बँडने त्या वर्षीच्या मे महिन्यातच न्याय खात्याकडे मक्तेदारीची तक्रार केली होती आणि उन्हाळ्याचा दौराही सोडून दिला.

हा धंदा चालतो कसा ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सगळा राग चुकीच्या माणसावर निघतो. तिकीट कंपनी सभागृहांशी आणि स्टेडियमशी वर्षानुवर्षांचे करार करते: इथली तिकिटं फक्त आम्हीच विकणार. बदल्यात सर्व्हिस चार्जमधला वाटा सभागृहाला मिळतो, कधी मोठी आगाऊ रक्कमही मिळते. म्हणजे तो चार्ज कमी व्हावा असं सभागृहालाही वाटायचं कारण उरत नाही. १९९१ मध्ये टिकेटमास्टरने आपला मोठा प्रतिस्पर्धी टिकेट्रॉन गिळला होता. मोठी ठिकाणं बहुतेक एकाच विक्रेत्याकडे बांधलेली. तिकीट दुसऱ्या कुणाकडून विकायचं तर गायचं कुठे, हाच प्रश्न.

पर्ल जॅमने तोही प्रयत्न केला. १९९५ मध्ये एका नव्या छोट्या तिकीट कंपनीला सोबत घेतलं, करारात न अडकलेल्या जागा शोधल्या आणि दौरा काढला. २४ जूनला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये त्यांचा गायक एडी वेडर आजारी अवस्थेत मंचावर आला, सात गाण्यांनंतर त्याला उतरावं लागलं आणि उरलेला कार्यक्रम ज्येष्ठ रॉक गायक नील यंगने ओढून नेला. दौरा तिथेच कोलमडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात न्याय खात्याने चौकशीही गुंडाळली. १९९८ पर्यंत बँड पुन्हा त्याच कंपनीच्या खिडकीतून तिकिटं विकत होता.

हरले, असं लोक म्हणतात. हरलेच. पण त्याच १९९४ मध्ये ईगल्स या बँडचे लोक पुन्हा एकत्र येऊन दौऱ्यावर निघाले आणि त्यांची चांगल्या जागांची तिकिटं शंभर डॉलरच्या पुढे गेली. रॉकच्या कार्यक्रमांत हा आकडा नवा होता. एकाच वर्षी दोन रस्ते समोर होते आणि सगळा धंदा दुसऱ्या रस्त्याने गेला. पहिला रस्ता जाण्याजोगा नव्हता असं म्हणणाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडकडे पाहावं. त्यांनी वर्षानुवर्षं दाराशी पाच डॉलरच्या आसपासच तिकीट ठेवलं आणि कुठल्याही वयाच्या मुलाला आत घेतलं. त्यांचे कार्यक्रम लहान होते हे खरं. पण तत्त्व लहान नव्हतं.

कलाकारांवर अन्याय करायचा नाही. १९९९ नंतर गाणी इंटरनेटवरून फुकट फिरू लागली, सीडीचा धंदा बसला आणि बँडचं पोट दौऱ्यांवर आलं. ट्रक, दिवे, आवाजाची यंत्रणा, शेकडो कामगार, सगळ्याचा खर्च वाढलाय. ज्या गायकाने माझी पंचवीस वर्षं सोबत केली त्याला दोन पैसे जास्त मिळावेत याला माझी ना नाही, उलट आनंद आहे. माझा आक्षेप त्या पैशावर आहे जो त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि तो ज्या रीतीने काढून घेतला जातो त्यावर आहे.

ती रीत मी स्वतः पाहिली आहे. बँडचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, दोघांच्याही बाबतीत ते गौण आहे. सकाळी दहाला विक्री उघडणार होती. दादा आणि मी नऊपासून आपापल्या घरी लॅपटॉप उघडून, फोन कानाला लावून बसलो होतो. दहा वाजले आणि पडद्यावर आकडा आला: तुमच्यापुढे ४१ हजार माणसं. एक चिमुकला माणूस एका रेषेवरून मुंगीच्या पावलांनी सरकत होता. तीन तास आम्ही तो बघत बसलो आणि त्या तीन तासांत जुन्या अल्बमबद्दल भांडून घेतलं. खरं सांगायचं तर तो दिवसाचा सर्वांत चांगला भाग होता. एकच्या सुमाराला माझा नंबर लागला. जाहीर झालेल्या दराची एकही जागा नव्हती. होती ती जवळजवळ दुप्पट दराची, त्याच उभं राहण्याच्या मैदानातली. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं, चार मिनिटं. पुढच्या पानावर सेवाशुल्क, त्याच्या पुढच्या पानावर व्यवहारशुल्क, आणि शेवटच्या पानावर प्रत्येक तिकिटामागे आणखी एक शुल्क, ज्याचं नाव वाचूनही ते कशाचं हे कळलं नाही.

"अगं, घे पटकन, वेळ संपतोय," दादा म्हणाला.

"अरे, पण हे एवढे कशाचे?"

"ते नंतर बघू. आधी घे."

त्या दोन मिनिटांत मी घाबरले होते. चाळिशी उलटलेली बाई, घरचा हिशोब काटेकोर ठेवणारी, आणि एका घड्याळाला घाबरले. घड्याळ तिथे त्यासाठीच ठेवलेलं असतं. वेळ संपली, जागा गेल्या. संध्याकाळी त्याच कार्यक्रमाची तिकिटं पुनर्विक्रीच्या पानावर तिप्पट भावाने दिसत होती. पूर्वी थिएटरबाहेर तिकीट ब्लॅकने विकणारा, पोलीस दिसला की पळायचा. इथे तोच व्यवहार नीट चौकट आखून, पावती देऊन चालू होता.

माझ्यासारखे लाखो निघाले. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओअ‍ॅसिसच्या पुनर्मीलनाची तिकिटं विक्रीला आली तेव्हा तासन्‌तास थांबलेल्यांना साधारण १५० पौंडांची म्हणून अपेक्षित असलेली उभ्याची तिकिटं ३५५ पौंडांना दिसली. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने चौकशी केली. जे बाहेर आलं ते मला भाव चढण्याहूनही जास्त लागलं. उभ्या तिकिटांचे मुळातच दोन दर ठेवलेले होते. स्वस्तातली आधी संपवायची आणि मग महागातली काढायची, पण रांगेतल्या माणसाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. काही जागा ‘प्लॅटिनम’ नावाने सुमारे अडीचपट दराने विकल्या, आणि त्या दरात वेगळं काहीच मिळत नाही हे पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं. याच बँडने १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला दोन रात्रींत अडीच लाख लोकांना खेचलं होतं, साडेबावीस पौंडांत. महागाई धरूनही हे अंतर भरून निघत नाही.

यावर हमखास एक उत्तर येतं, आणि ते मूर्खपणाचं नाही, म्हणून त्याला नीट सामोरं गेलं पाहिजे. जागा पन्नास हजार, मागणारे पाच लाख. तिकीट स्वस्त ठेवलं तर मधला फरक दलाल खाणार. त्यापेक्षा भाव चढू द्या, निदान पैसा कलाकाराला मिळेल. बाजाराचा नियम म्हणून हे बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे, की ज्याला जास्त हवं तो जास्त मोजेल. तसं होत नाही. ज्याच्याकडे जास्त आहे तो जास्त मोजतो. ज्या पोराने सगळी गाणी पाठ केली आहेत ते घरी बसतं आणि पुढच्या रांगेत फोनवर बोलणारा माणूस येऊन उभा राहतो. बँडही तोच पाहतो. पुढची रांग न गाणारी असेल तर मंचावर काय होतं हे कुणाही गायकाला विचारा.

दुसरं म्हणजे दलालाला आवरता येत नाही हे खरं नाही. मार्च २०२३ मध्ये द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथने चढत्या भावाची पद्धत नाकारली, वीस डॉलरपासून तिकिटं ठेवली आणि कायदा आडवा येत नव्हता तिथे तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही असा बंदोबस्त केला. तरी काहींना शुल्कच तिकिटापेक्षा जास्त पडलं, तेव्हा तो उघडपणे बोलला. टिकेटमास्टरने सर्वांत स्वस्त तिकिटांच्या खरेदीदारांना दहा आणि बाकीच्यांना पाच डॉलर परत दिले. रक्कम छोटी आहे. पण एका माणसाने विचारलं आणि कंपनीने परत केली, याचा अर्थ ती घेतल्याशिवायही चालत होतं.

आता खेळाकडे येते, कारण तिथल्या चाहत्यांनी आमच्यापेक्षा जास्त मिळवलंय. ६ फेब्रुवारी २०१६, अ‍ॅनफिल्डचं मैदान, इंग्लिश फुटबॉलमधला लिव्हरपूल विरुद्ध संडरलँड सामना. क्लबने नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं होतं. लिव्हरपूल २-० ने पुढे होता आणि बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून चालू लागली. जिंकत असलेल्या आपल्या संघाकडे पाठ फिरवायची, सामना संपायला तेरा मिनिटं असताना. चाहत्याला याहून कठीण काही नसतं. मागे स्टेडियम ओकंबोकं झालं, संडरलँडने दोन गोल केले आणि सामना २-२ ने सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरवली.

जर्मनीत तर हे नियमातच आहे. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९९८ पासून ५०+१ चा नियम आहे: काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक जास्त मत सभासदांच्या संघटनेकडेच राहिलं पाहिजे, पैसे कुणीही घालो. डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये दक्षिण बाजूला जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभ्याने सामना पाहतात. माणसांची ती भिंत पाहायला जगभरचे लोक टीव्ही लावतात. म्हणजे स्वस्तात उभा राहिलेला माणूसच तिथला सर्वांत मौल्यवान देखावा आहे, आणि क्लबला ते कळतं.

माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट मात्र क्लीव्हलँडची. ६ नोव्हेंबर १९९५ ला ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. १७ डिसेंबरला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला तेव्हा चाहत्यांनी बसायचे बाक उखडून मैदानात फेकले. मोडतोडीचं मी समर्थन करत नाही, पण ज्या बाकावर आजोबांच्या मांडीवर बसून पहिला सामना पाहिला तो बाक कुणाचा, हा प्रश्न मला समजतो. शहर भांडलं, कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. खेळाडू आणि करार बाल्टिमोरला गेले. ब्राउन्स हे नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलँडला राहिला, आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. सिअ‍ॅटलनेही २००८ मध्ये सुपरसॉनिक्स गमावले, पण नाव आणि रंग जपून ठेवले. संघ मालकाचा असला तरी त्याच्या आठवणी मालकाच्या नसतात, हे अमेरिकेतसुद्धा कागदावर लिहून मान्य झालेलं आहे. मग गाण्यांच्या बाबतीत ते मान्य करायला काय हरकत आहे?

मला चाहत्यांसाठी नफ्यात वाटा नकोय. फुकट तिकीट नकोय. छापील किमतीपेक्षा जास्त भावाने पुनर्विक्री नको, हा कायदा हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने तो करणार असल्याचं जाहीर केलं आहे आणि तो पातळ न होता यावा. सगळी शुल्कं धरून पूर्ण किंमत पहिल्याच पानावर दिसावी. अमेरिकेत मे २०२५ पासून तसा नियम लागू झालाय, तो सगळीकडे हवा. आणि कार्यक्रम भरवणारा, सभागृह चालवणारा आणि तिकीट विकणारा एकच नसावा. टिकेटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन कंपनी यांच्या विलीनीकरणाला २०१० मध्ये परवानगी देऊन अमेरिकेच्या न्याय खात्याने ही गाठ बांधू दिली आणि त्याच खात्याला मे २०२४ मध्ये अनेक राज्यांना सोबत घेऊन ती सोडवण्यासाठी कोर्टात जावं लागलं. पर्ल जॅमने तक्रार केली होती त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

कायद्याखेरीज काही गोष्टी बँडच्या स्वतःच्या हातात आहेत. पर्ल जॅमच्या टेन क्लब या चाहत्यांच्या क्लबमध्ये जितका जुना सभासद तितकी चांगली जागा, असा नियम आहे. पैशाने पुढे सरकता येत नाही, वर्षांनी येतं. इतकी साधी आणि न्याय्य गोष्ट मी दुसरीकडे क्वचित पाहिली. त्याच बँडने अलीकडच्या दौऱ्यांत काही जागा ‘प्रीमियम’ म्हणून चढ्या दराने विकल्या, तेव्हा मला वाईट वाटलं, आणि हे लिहिताना ते लपवावंसं वाटत नाही. आपल्या माणसाकडून झालेली चूक जास्त लागते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या विक्रीत यंत्रणा कोलमडली, सर्वसामान्यांसाठीची विक्री रद्दच झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने सुनावणी ठेवली. कंपनीच्या बाजूने अधिकारी आले. कलाकारांच्या बाजूने बोलायला क्लाइड लॉरेन्स आला. लॉरेन्स हा त्याचा आणि त्याच्या बहिणीचा छोटा बँड. चाहत्याने मोजलेल्या पैशातून कुणाकुणाचं काय कापलं जातं आणि शेवटी बँडच्या हाती किती उरतं, हे त्याने आकड्यांनिशी मांडलं. नीट बोलला, न घाबरता बोलला. १९९४ मध्ये तशाच टेबलाशी अमेरिकेतला सर्वांत मोठा बँड बसला होता. नव्वदच्या दशकातले जे जे आता पुनर्मीलनाच्या दौऱ्यावर निघालेत, आमच्या तीस वर्षांच्या भांडणांवर ज्यांची मैदानं भरताहेत, त्यांच्यापैकी एकाने तरी लॉरेन्सच्या शेजारची खुर्ची ओढून बसावं, एवढं मला त्यांच्याकडून हवं आहे.